सरांच्या चोवीस वह्या : एका बोर्डिंगातल्या शिक्षकाच्या स्मरणाचं प्रकरण

हे प्रकरण एका निवासी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं आहे. शाळेचं, गावाचं, माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. पाच जणांच्या स्मरण समितीत मी होतो, बैठकांचं इतिवृत्त माझ्याकडे होतं. त्यामुळे पुढे जे 'चुकलं' म्हणून येईल, त्यातलं बरंचसं माझंही आहे.

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्याचा पूर्वेकडचा दुष्काळी पट्टा. इथे बोर्डिंग हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. रयत शिक्षण संस्था १९१९ साली कराडजवळच्या काले गावी सुरू झाली, १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारं बोर्डिंग काढलं, आणि त्या पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे इकडच्या मुलांना पाढ्यांच्या वयातच ऐकायला मिळतं. आमची संस्था वेगळी, साठच्या दशकातली, पण साचा तोच. फी जमेल तशी, आणि घरून ज्वारीचं पोतं.

सर १९७९च्या जूनमध्ये आले. गणित शिकवायचे आणि बोर्डिंगचे गृहपतीही होते. १९७२च्या दुष्काळात सतरा वर्षांचे असताना त्यांनी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली होती आणि सुकडी खाऊन दिवस काढले होते. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही, पुढे काकूंकडून कळलं. (काकू म्हणजे सरांच्या पत्नी. साऱ्या बोर्डिंगच्याच त्या काकू.) ऑफिससमोरच्या लिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला होता. पहाटे पाचला त्यावर पहिला टोल पडायचा तो सरांच्या हातचा. महिन्यातल्या पालकभेटीच्या रविवारी ज्यांच्या घरचं कुणी आलेलं नसे, अशा मुलांना ते 'हिशोबाला मदत कर' म्हणून ऑफिसात बोलवायचे. हिशोब काही नसायचा. गेटकडे बघत बसायची वेळ पोरावर येऊ नये, एवढंच.

हिशोब मात्र खरोखरच ठेवला जायचा. घरून आणलेले पैसे मुलांनी जवळ ठेवायचे नाहीत, सरांकडे जमा करायचे, असा नियम होता. दरवर्षी एक लांबट वही, प्रत्येक मुलाच्या नावाने एक पान. माझ्या १९८६च्या पानावर एका महिन्याचं असं आहे : जमा २०.००. केस १.५०. पोस्टकार्डं ४, ०.६०. चपलेचा अंगठा ०.५०. शिल्लक १७.४०. ही शिल्लक शून्याच्या खाली कधी जात नसे. शून्य आलं की पुढच्या खर्चासमोर नुसता 'उ.' लिहिलेला दिसतो. उ. म्हणजे उसने. ते परत आल्याची नोंद मला तरी कुठल्या पानावर सापडली नाही.

२००५ साली संस्थेने पगारी रेक्टर नेमला आणि वह्या थांबल्या. ३१ मे २०१३ला वयाची अठ्ठावन्न वर्षं पूर्ण करून सर निवृत्त झाले. सेवापुस्तकात काही नोंदी राहिल्या होत्या, त्या पुऱ्या करून घेण्यात पेन्शन चौदा महिने अडकलं. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

अडचण

सर मे २०२१मध्ये गेले, झोपेतच. कोरोनाची दुसरी लाट भरात होती, अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा. चौतीस वर्षांत ज्यांच्या हाताखालून हजारांहून जास्त मुलं गेली, त्यांना खांदा द्यायला गावातले मोजके लोक. जिल्ह्याच्या सीमेवर पास लागत होता. दोघे जण पुण्याहून निघाले आणि नाक्यावरून परत फिरले.

जाता आलं नाही याची बोच फोनवर उतरली. व्हॉट्सॲपच्या ग्रुपला तेव्हा २५६ सदस्यांची मर्यादा होती. पहिला ग्रुप दोन दिवसांत भरला, दुसरा आठवड्यात. 'सरांसाठी काहीतरी भव्य करायचं' हे पहिल्याच रात्री ठरलं. काय करायचं ते ठरलं नव्हतं, पण पैसे मात्र लगेच सुरू झाले. एकाने ५,००१ टाकले, त्याच्याखाली दुसऱ्याने ११,००१. पुण्यातल्या एका मित्राचा यूपीआय नंबर ग्रुपवर टाकला होता. त्याच्या बचत खात्यात तीन आठवड्यांत नऊ लाख साठ हजार रुपये जमले.

म्हणजे प्रश्न असा उभा राहिला : पैसे आहेत, माणसं आहेत, भावना तर ओसंडून वाहते आहे. पण हे कुणाच्या नावाने, कशासाठी आणि कुणाला विचारून, यातल्या एकाचंही उत्तर नाही.

ऑक्टोबरपर्यंत त्याची फळं दिसली. ज्या मित्राच्या खात्यात पैसे होते त्याची आई इस्पितळात होती, तीन आठवडे तो ग्रुपवर बोलला नाही. कुणीतरी विचारलं, "हिशोब कधी टाकणार?" दुसऱ्याने नुसता हसरा चेहरा टाकला. त्या एका चेहऱ्याने जे केलं ते दहा आरोपांनी झालं नसतं. मित्राने रात्री अडीच वाजता सगळं बँक स्टेटमेंट ग्रुपवर टाकलं, एक रुपयाही हललेला नव्हता, आणि तो ग्रुप सोडून गेला. आजही तो आमच्याशी कामापुरतंच बोलतो.

समोर असलेले पर्याय

चार गोष्टी चर्चेत होत्या.

अर्धपुतळ्याला सुरुवातीला सर्वांत जास्त पाठिंबा होता. आपल्याकडे मोठ्या माणसाची आठवण म्हटली की डोळ्यासमोर आधी चौथरा येतो. सार्वजनिक जागी पुतळा उभारायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, त्यामुळे तो शाळेच्याच आवारात, म्हणजे संस्थेच्या मर्जीने उभारायचा, असं ठरत होतं.

संस्थेने स्वतःहून सभागृहाला नाव देण्याचा प्रस्ताव पाठवला. उद्घाटनाला मंत्री आणू, असंही कळवलं. पत्र वाचून समितीतले दोघे भडकले. चौदा महिने पेन्शनसाठी चपला झिजवायला लावल्या आणि आता मंत्री? पण नाव द्यायचं पत्र देणारे आताचे अध्यक्ष तेव्हा पदावर नव्हते, हेही खरं. मी स्वतः या प्रस्तावाच्या बाजूने होतो. खर्च कमी आणि काम पक्कं.

तिसरा पर्याय ठेवीच्या व्याजातून दरवर्षी बोर्डिंगातल्या मुलांना मदत करण्याचा. त्या वेळी मुदत ठेवीला साडेपाच टक्क्यांच्या आसपास व्याज होतं. आठ लाख ठेवले तर वर्षाला चव्वेचाळीस हजार. कुणाला हे फार थोडं वाटलं. मला वाटतं, 'उ.' लिहिलेल्या पानांची बेरीज कुणी केली असती तर ते थोडं वाटलं नसतं.

चौथा पर्याय स्मरणिकेचा. हा सगळ्यांना मान्य होता, कारण त्यासाठी कुणाला काही सोडावं लागत नव्हतं.

पहिला निर्णय : काकूंना विचारणं

हे पहिल्या दिवशी व्हायला हवं होतं. आम्ही काकूंकडे गेलो ते नोव्हेंबर २०२१मध्ये, सर जाऊन सहा महिने झाल्यावर, आणि तेही पुतळ्यासाठी सरांचा चांगला फोटो हवा होता म्हणून.

काकूंनी चहा दिला. पुतळ्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ह्यांचा एक धड फोटो नाही घरात. सगळ्या फोटोत मागच्या रांगेत. पुतळा कशावरून करणार?" आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. "आणि मला रोज त्या रस्त्याने दळण आणायला जायचं असतं," एवढंच बोलल्या.

पुतळा तिथेच संपला. उठताना त्यांनी कॉटखालची पत्र्याची पेटी ओढली. डांबरगोळ्यांचा वास, वर सरांचा जुना स्वेटर, आणि खाली वह्या. सव्वीस वर्षांच्या सव्वीस असायला हव्या होत्या, चोवीस निघाल्या. पोटऱ्या भरून येईपर्यंत आम्ही उकिडवे बसून आपापली पानं शोधत होतो.

दुसरा निर्णय : पैशाला घर देणं

सात जणांच्या सह्यांनी १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली माजी विद्यार्थ्यांची संस्था नोंदवली. पॅन काढलं, दोन सह्यांचं खातं उघडलं आणि २०२२च्या उन्हाळ्यात पैसे तिथे वळवले. कंटाळवाणं काम, सात-आठ महिने खाल्ले. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की हे आधी आणि आवाहन नंतर, असा क्रम असता तर एक मित्र गमावला नसता.

आठ लाखांची ठेव केली. उरलेल्या एक लाख साठ हजारांत स्मरणिका. संस्थेला कळवलं की नाव द्यायचं असल्यास जरूर द्या, त्यासाठी आमचे पैसे नाहीत आणि मंत्रीही आमचा नाही. त्यावर उत्तर आलं नाही.

तिसरा निर्णय : आठवणी मागवायच्या कशा

'सरांच्या आठवणी लिहून पाठवा' या आवाहनाला १८७ जणांनी लिहिलं. वाचताना लक्षात आलं की पहिल्या पन्नास लेखांतून सरांचं नाव काढून दुसऱ्या कुठल्याही शिक्षकाचं घातलं तरी काही बिघडत नाही. 'शिस्तप्रिय पण प्रेमळ', 'वरून फणस', 'आज मी जो काही आहे तो'. लिहिणारे खोटं बोलत नव्हते. भावना मोठी असली की हाताशी असलेले शब्द आधी धावून येतात.

समितीतल्या एकाने (हा तलाठी आहे, माणसांकडून नेमकं काढून घेण्याची सवय) सगळ्यांना पुन्हा पाच प्रश्न पाठवले. आजारी पडलात तेव्हा सरांनी काय केलं? सर तुमच्यावर कधी रागावले, आणि नेमकं काय म्हणाले? घरी पत्र लिहिताना त्यांनी काही बदलायला सांगितलं का? जेवणाच्या पंगतीत ते कुठे बसायचे? तुम्ही त्यांच्यापासून काय लपवलंत?

उत्तरं आली ती वेगळीच. ताप आल्यावर सर कपाळावर हात न ठेवता तळपायाला लावून बघायचे. एका मुलाने घरी 'इथे फार बरं आहे' असं लिहिलं तेव्हा पोस्टकार्ड परत दिलं : "आई वाचणार आहे. भाजीत पाणी असतं तेही लिही, नाहीतर बाकीचं तिला खरं वाटणार नाही." पंगतीत ते नेहमी शेवटच्या पाटावर, दाराजवळ, जिथे भाकरी पोहोचेपर्यंत गार व्हायची.

आणि चौथ्या दिवशी, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून, दीड पानाचं एक पत्र आलं.

चौथा निर्णय : ते पत्र

लिहिणारा १९८८ साली आठवीत होता. आता तालुक्याच्या गावी ट्रकच्या बॉडी बांधण्याचा त्याचा कारखाना आहे. खोलीतल्या एका मुलाच्या पेटीतून दहा रुपये गेले आणि संशय याच्यावर आला. सरांनी त्याला सकाळच्या प्रार्थनेत सगळ्यांसमोर उभं करून छडीने मारलं. आठ दिवसांनी ती नोट त्याच पेटीत, तळाला घातलेल्या वर्तमानपत्राखाली सापडली. सरांना हे कळलं. त्यांनी त्याला ऑफिसात बोलावून पाठीवरून हात फिरवला आणि "जा" म्हणाले.

पत्रात मारण्याबद्दल तक्रार नाही. 'मार तेव्हा सगळेच खात होते,' असं त्याने लिहिलंय. त्याचं म्हणणं एका वाक्यात आहे : 'मारलं प्रार्थनेत, पण चोर नाही हे प्रार्थनेत सांगितलं नाही.' दहावी होईपर्यंत त्याला खोलीत 'दहा रुपये' म्हणायचे. हे पत्र वाचताना मला आठवलं की मीही म्हणायचो.

समितीत यावर तीन बैठका झाल्या. छापू नये म्हणणाऱ्यांचा मुद्दा साधा होता : ही स्मरणिका आहे, चौकशी अहवाल नाही, आणि उत्तर द्यायला सर नाहीत. काळ वेगळा होता, असंही आलं. त्यावर तलाठ्याने बरोबर बोट ठेवलं. शाळेत मारायला २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आली, त्याआधीचा काळ वेगळा होता हे कबूल. पण हा माणूस छडीबद्दल बोलतच नाहीये. निरपराध्याला निरपराध म्हणायला कुठला कायदा यायची वाट पाहायची होती?

मधला मार्ग म्हणून दोन सूचना आल्या. एक, पत्र थोडं मवाळ करून छापावं. दोन, जसंच्या तसं छापून खाली 'त्या काळाच्या संदर्भात वाचावे' अशी संपादकीय टीप द्यावी. पहिली सूचना लिहिणाऱ्याने फोनवर एका शब्दात नाकारली. दुसरी माझी होती.

वही काढून त्या वर्षीचं त्याचं पान पाहिलं. ऑगस्टमध्ये एक नोंद आहे : 'मलम १.७५', आणि त्यावर आडवी रेघ. बेरजेत ते पैसे धरलेले नाहीत. समितीतले सगळे गलबलले. सरांनी स्वतःच्या खिशातून मलम आणलं, त्यांना वाईट वाटलं होतं, हा बघा पुरावा. आम्ही उत्साहाने पानाचा फोटो त्याला पाठवला. त्याचं उत्तर आलं : "खोडलंय ते आधी चुकून लिहिलं असेल. सरांची बेरीज कधी चुकायची नाही."

शेवटी पत्र काकूंना वाचून दाखवायचं ठरलं. तोवर पानं लागून झाली होती, म्हणजे इथेही उशीरच. काकूंनी तीन आठवडे काही कळवलं नाही. मग फोन आला. "छापा. प्रार्थनेत सांगा, असं मी ह्यांना तेव्हाच म्हटलं होतं. ऐकलं नाही. नाव घालू नका त्या पोराचं, त्याला मुलं-बाळं असतील." मतदान तीन विरुद्ध दोन झालं. मी विरोधात होतो. पत्र टीप न देता, मधल्या पानांत, बाकीच्या लेखांच्याच टायपात छापलं.

परिणाम

जानेवारी २०२३मध्ये स्मरणिका निघाली, पाचशे प्रती. सभागृह मिळालं नाही. त्या दिवशी ते 'आधीच दिलेलं' होतं. प्रकाशन काकूंच्या अंगणात झालं, मांडव घालून, पालकभेटीच्या रविवारी. मंत्री नव्हता, भाषणं नव्हती. पाच जणांनी पाच प्रश्नांची उत्तरं वाचली. तलाठ्याने ते पत्र वाचलं तेव्हा अंगणात कुणी खोकलंसुद्धा नाही. दोन देणगीदारांनी नंतर पैसे परत मागितले, दिले. पत्र लिहिणारा आला नाही. त्याने तीन प्रती मागवल्या, आणि घेऊ नका म्हटलं तरी टपालखर्चासह पैसे पाठवले.

ठेवीच्या व्याजातून जून २०२३पासून बोर्डिंगातल्या मुलांना मदत जाते. रेक्टर यादी देतात, आम्ही कारण विचारत नाही.

वह्यांची सगळी पानं स्कॅन केली. ज्याने मागितलं त्याला त्याचंच पान द्यायचं, हा नियम आहे, पण तो चुकून शिकलो. स्कॅनिंगच्या पहिल्या आठवड्यात कौतुकाच्या भरात दोन पानं ग्रुपवर टाकली. त्यातलं एक वरपासून खालपर्यंत 'उ.' होतं. ज्याचं पान, तो आज नावारूपाला आलेला माणूस. त्याने मला फोन करून शांतपणे विचारलं, "सरांनी हे तीस वर्षं कुणाला दाखवलं नाही. तुम्ही का दाखवलंत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

काकूंकडे पहिल्या महिन्यात जायला हवं होतं, फोटो मागायला नव्हे. खातं दोन सह्यांचं होईपर्यंत एक रुपया घ्यायला नको होता. हे दोन्ही कुणालाही सुचेल.

मला जास्त खुपतात त्या दोन गोष्टी. बोर्डिंगात भाकऱ्या थापणाऱ्या मावशी १९८०पासून सरांबरोबर होत्या. आमच्यापैकी कुणाहीपेक्षा त्यांनी सरांना जास्त पाहिलं होतं. पण त्या लिहू शकत नव्हत्या आणि आम्ही लेख मागवत होतो. कुणीतरी जाऊन ऐकून घ्यावं हे सुचलं तेव्हा डिसेंबर २०२२ उजाडला होता, आणि मावशी दिवाळीतच गेल्या होत्या.

दुसरी गोष्ट मुलींची. १९९४पासून शाळेत मुली आहेत, सरांनी त्यांना एकोणीस वर्षं गणित शिकवलं. स्मरणिकेत एकाही मुलीचा लेख नाही. आमचे दोन्ही ग्रुप बोर्डिंगच्या पोरांचे, समितीतले पाचही जण ऐंशीच्या दशकातले. त्यांना कुणी बोलावलंच नाही. प्रकाशनाच्या दिवशी मांडवाच्या कडेला उभी असलेली एक बाई, आता स्वतः गणिताची शिक्षिका, मला म्हणाली, "सर आमच्या वर्गात कधी ओरडले नाहीत. तुम्हाला मारायचे का हो?" १९८८ आणि १९९४ यांच्यामध्ये सरांमध्ये काही बदललं होतं का, याचा धागा तिच्या हातात होता. मी तिचा नंबर घेतला. पुरवणी काढायची म्हणून वर्षभर बोलतो आहोत, अजून पाच प्रश्न पाठवायचे आहेत.

वह्या काकूंकडेच आहेत, त्याच पेटीत. जिल्ह्यातल्या एका ग्रंथालयाने मागितल्या होत्या. काकू म्हणाल्या, आधी त्या दोन हरवलेल्या शोधा. त्यातली एक १९९३-९४ची आहे.